ॲमस्टरडॅममधल्या स्वस्त पलंगाची पूर्वपीठिका

मराठी कानाला 'हॉस्टेल' म्हटले की कॉलेजची मेस, रेक्टर आणि रात्री बंद होणारे फाटक आठवते. युरोपच्या सहलीची आखणी करणाऱ्याला हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो: खोली नव्हे, तर खोलीतला एक पलंग भाड्याने देणारी जागा. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या फाइलमध्ये राहण्याच्या सोयीचा कागद लावावा लागतो, आणि ॲमस्टरडॅममधल्या हॉटेलांचे दर पाहून झाल्यावर बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये तो कागद अखेर हॉस्टेलचाच लागतो. सहा किंवा आठ जणांची खोली, एकावर एक पलंग, लॉकरला कुलूप बहुधा स्वतःचे, टॉवेल स्वतःचा, चादर मात्र तिथली, आणि ती आपली आपण घालायची. ही सारी व्यवस्था निव्वळ काटकसरीतून जन्मली असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग एका जर्मन शिक्षकाच्या डोक्यातून निघाला आहे, आणि त्या शिक्षकाची धडपड मुलांना धुरकट शहरांतून बाहेर काढण्यासाठी होती.

रिचर्ड शिरमान हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८७४ मध्ये पूर्व प्रशियात झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते पश्चिम जर्मनीतल्या औद्योगिक पट्ट्यात प्राथमिक शिक्षक म्हणून आले. आधी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले गेल्झेनकिर्खन आणि नंतर तारा ओढण्याच्या कारखान्यांचे आल्टेना, अशा गावांत त्यांनी शिकवले. कारखान्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना झाडे, ओढे, डोंगर पुस्तकातून शिकवण्यात काही अर्थ नाही, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून ते वर्गच्या वर्ग घेऊन पायी भटकंतीला निघत. त्या काळी जर्मनीत पायी भटकण्याची एक लाट आलेलीच होती. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स येथे १९०१ मध्ये 'वांडरफोगेल', म्हणजे भटके पक्षी, या नावाची तरुणांची चळवळ रीतसर स्थापन झाली होती. पण त्या चळवळीतली मुले बहुतांशी सुखवस्तू घरांतली, माध्यमिक शाळांत शिकणारी होती. ती रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यावरच्या गवतात झोपत आणि त्याचे कौतुकही सांगत. शिरमान यांच्या हाताखालची मुले कामगारांची, वयाने लहान, त्यात मुलीही. त्यांना रोज संध्याकाळी नव्या गावात गवताची गंजी शोधायला लावणे शक्य नव्हते. हॉस्टेलच्या इतिहासात हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्वस्त पण ठरलेल्या, खात्रीच्या निवाऱ्याची गरज हौशी भटक्यांना नव्हे, तर या मुलांना होती.

२६ ऑगस्ट १९०९ रोजी शिरमान आपल्या विद्यार्थ्यांसह काही दिवसांच्या पदयात्रेवर असताना ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोरदार वादळाने गाठले. अखेर एका गावातल्या शाळेची वर्गखोली त्यांना उघडून मिळाली, बाके भिंतीशी रचून ठेवण्यात आली आणि जमिनीवर पेंढा पसरून मुले झोपली. बाहेर विजा कडकडत असताना शिरमान जागेच होते, आणि त्या जागरणातच त्यांना सुचले की जर्मनीतल्या प्रत्येक गावात सुट्टीच्या दिवसांत रिकामी पडलेली एक शाळा असते. एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर अशा शाळा निवडाव्यात, एक खोली मुलांसाठी आणि एक मुलींसाठी ठेवावी, पेंढ्याच्या गाद्या, चादरी, उशी आणि पांघरूण द्यावे, आणि आपली जागा आवरून स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी मुलांवर टाकावी, असा तो बेत होता. वर्तमानपत्रातून लिहून त्यांनी तो लोकांपुढे मांडला आणि त्याला पैशांची व माणसांची मदत मिळू लागली. संघटनेची आणि हिशेबाची बाजू पुढे विल्हेल्म म्युंकर यांनी सांभाळली. शिरमान स्वप्न पाहणारे आणि म्युंकर जमाखर्च पाहणारे, अशी ती जोडी होती.

१९१२ मध्ये आल्टेनाच्या नुकत्याच डागडुजी झालेल्या किल्ल्यात जगातले पहिले कायमस्वरूपी युथ हॉस्टेल सुरू झाले. त्या वेळच्या खोल्या आजही संग्रहालय म्हणून जपलेल्या आहेत: जाड दगडी भिंती आणि भक्कम लाकडाचे, एकावर एक रचलेले पलंग. वरच्या पलंगावर चढताना डोके आपटू नये म्हणून आज जी कसरत करावी लागते, तिचा उगम इथे आहे. लॉकर मात्र तिथे शोधून सापडायचे नाहीत. एका शिक्षकाबरोबर आलेल्या, एकाच वर्गातल्या मुलांना ते कशाला हवेत? लॉकर ही अनोळखी माणसांच्या हॉस्टेलची गरज आहे आणि ती फार उशिरा आली.

पहिल्या महायुद्धात शिरमान सैन्यात होते. १९१५ च्या नाताळात व्होज पर्वतातल्या आघाडीवर जर्मन आणि फ्रेंच सैनिकांनी आपणहून गोळीबार थांबवून एकमेकांना वाइन आणि ब्रेड दिल्याचे त्यांनी पाहिले. वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकमेकांना भेटण्याच्या जागा हव्यात, हा विचार तिथे पक्का झाला. १९१९ मध्ये जर्मन हॉस्टेलांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि पुढच्या दशकभरात स्वित्झर्लंड, पोलंड, नेदरलँड्स, फ्रान्स आणि ब्रिटन या देशांनी आपापल्या संघटना काढल्या. डच संघटना १९२९ ची, ब्रिटिश १९३० ची.

इथे ॲमस्टरडॅम प्रथमच या कथेत येते. ऑक्टोबर १९३२ मध्ये अकरा संघटनांचे प्रतिनिधी या शहरात जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय युथ हॉस्टेल महासंघाची स्थापना केली. एका संघटनेचे सभासदकार्ड दुसऱ्या देशातही चालावे, ही त्यामागची साधी, व्यवहाराची गरज होती. पुढे भारतातली युथ हॉस्टेल्स असोसिएशनही ('वायएचएआय') याच महासंघाशी जोडली गेली. मे महिन्यात 'वायएचएआय'च्या हिमालयातल्या सार पासच्या ट्रेकला गेलेल्या असंख्य मराठी मुलांच्या पाकिटात जे कार्ड असते, त्याचा धागा असा ॲमस्टरडॅमच्या त्या बैठकीपर्यंत जातो. महासंघाचे अध्यक्षपद अर्थातच शिरमान यांच्याकडे आले. मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच जर्मन हॉस्टेले 'हिटलर युथ' या नाझी युवक संघटनेच्या ताब्यात गेली आणि १९३६ मध्ये शिरमान यांना आंतरराष्ट्रीय पदावरूनही दूर व्हावे लागले.

या सुरुवातीच्या हॉस्टेलांचे नियम आज वाचले तर पर्यटनापेक्षा शाळेची शिस्तच डोळ्यांपुढे येते. येणाऱ्याने पायी किंवा सायकलने यावे, मोटारीने नव्हे. ब्रिटनमध्ये हा दंडक १९७० च्या दशकापर्यंत टिकला. दिवसा हॉस्टेल बंद राही, कारण चांगल्या हवेत खोलीत लोळत पडणाऱ्याने भटकंतीला यावेच कशाला? रात्री दहाच्या सुमारास दार लागे आणि दिवे मालवले जात. सकाळी निघण्यापूर्वी झाडू मारणे, भांडी विसळणे असे एखादे काम वाट्याला येई. सलग तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम बहुधा नाकारला जाई, आणि आपल्याकडच्या धर्मशाळांनाही हाच आकडा मानवला होता हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. व्यवस्थापकाला जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये 'हॉस्टेलचा बाप' म्हणत आणि पत्नी मदतीला असली तर दोघांना मिळून हॉस्टेलचे आईबाप. आपला रेक्टर या नात्याचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेच नियम मोठ्या शहरांत आले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. डोंगरातल्या हॉस्टेलात दहाला झोपणे स्वाभाविक असते. ॲमस्टरडॅममध्ये दहाला कुठे संध्याकाळ सुरू होते. त्यातच येणारा पाहुणा बदलला. अमेरिकी पर्यटकांसाठी १९५९ मध्ये युरेल पास निघाला, आणि १९७२ मध्ये युरोपातल्याच २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी २१ देशांत चालणारा इंटररेल पास आला. एका पासावर महिनाभर रेल्वेने फिरणाऱ्या मुलाला डोंगर चढायचा नव्हता. त्याला स्टेशनजवळ रात्रीपुरती जागा हवी होती.

ॲमस्टरडॅमवर असा लोंढा त्याआधीच जोराने आदळला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस जगभरचे हिप्पी तरुण शहराच्या मधोमध असलेल्या डाम चौकात, राष्ट्रीय स्मारकाच्या पायऱ्यांवर रात्री झोपू लागले. डच भाषेत त्यांना 'डामस्लापर्स', म्हणजे डामवर झोपणारे, असे नावच पडले. ऑगस्ट १९७० मध्ये शहराने तिथे झोपण्यास बंदी घातली, आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत सुट्टीवरच्या नौसैनिकांच्या एका जमावाने पट्टे परजत चौक रिकामा केला. प्रश्न अर्थातच चौकातून उठून दुसरीकडे गेला. पुढच्याच वर्षी नगरपालिकेने फोंडलपार्क या मोठ्या उद्यानात उघड्यावर झोपायला परवानगी दिली, आणि पुढची काही वर्षे उन्हाळ्यात हजारो तरुण स्लीपिंग बॅगा पसरून तिथे राहिले. १९७५ मध्ये ही मुभा काढून घेण्यात आली. एखाद्या राजधानीने आपल्या बागेचे अधिकृतपणे शयनगृह करावे, हा प्रकार आज अशक्य कोटीतला वाटतो. पण स्वस्त पलंगांची टंचाई किती होती याचा त्याहून ठळक पुरावा मिळणार नाही.

या टंचाईतूनच खाजगी हॉस्टेले उगवली. त्यांना सभासदकार्ड नको होते, झाडूही नको होता आणि दार रात्रभर उघडे असे. जुन्या शहरातल्या, लाल दिव्यांच्या वस्तीलगतच्या गल्लीत ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी 'शेल्टर' हे हॉस्टेल चालवले, तिथे मात्र स्त्री-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या आणि इच्छा असेल त्याच्यासाठी बायबलचा पाठ. दुसऱ्या टोकाला, १९९० च्या दशकात शहरातल्या एका स्वस्त हॉटेलाने आपण किती वाईट आहोत याचीच जाहिरात सुरू केली. 'आता प्रत्येक खोलीला दार' अशा धाटणीच्या त्या ओळी जाहिरातविश्वात गाजल्या. गैरसोय हीच ओळख म्हणून विकता येते हे त्या जाहिरातींनी दाखवले. शिरमान यांनी मात्र गैरसोयीला शिक्षण मानले असते.

नव्वदच्या दशकात तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. १९९५ मध्ये शेंगेन करार लागू होऊन नेदरलँड्ससह सात देशांमधल्या सीमातपासण्या उठल्या. १९९७ पर्यंत युरोपीय संघातली विमानवाहतूक पूर्ण खुली झाली आणि स्वस्त विमानकंपन्या शनिवार-रविवारसाठी माणसांना शहरात उतरवू लागल्या. १९९९ मध्ये डब्लिनमध्ये 'हॉस्टेलवर्ल्ड' ही आरक्षणाची कंपनी सुरू झाली. आता पलंगाचा दर भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला राहिला नाही. मागणीप्रमाणे तो रोज बदलू लागला. एप्रिलच्या अखेरीस, राजाच्या वाढदिवसाच्या सुमारास, ॲमस्टरडॅममधला एक पलंग साध्या दिवसांतल्या हॉटेलच्या खोलीइतका महाग होतो, तो यामुळेच.

आज शहरातली मोठी हॉस्टेले कोणत्या इमारतींत आहेत ते पाहिले तर एक गमतीचा योगायोग दिसतो. डच संघटनेच्या वारसदार 'स्टेओके'चे फोंडलपार्कच्या कडेचे हॉस्टेल मुलींच्या एका जुन्या शाळेच्या वास्तूत आहे. म्हणजे जिथे एकेकाळी हजारो जण गवतावर झोपले, त्याच बागेच्या काठावर आता शेकडो पलंग आहेत. त्यांचेच शहराच्या पूर्व भागातले हॉस्टेल टिमोरप्लेन चौकातल्या जुन्या शाळासंकुलात आहे. 'जनरेटर' या साखळीचे हॉस्टेल विद्यापीठाच्या जुन्या प्राणिशास्त्र विभागात, आणि 'क्लिंकनोर्ड' हे सेंट्रल स्टेशनमागच्या फुकट फेरीने पाणी ओलांडल्यावर, शेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेत. लांब कॉरिडॉर, मोठ्या आणि उजेडाच्या खोल्या, टोकाला ओळीने स्वच्छतागृहे ही शाळेची रचना डॉर्मसाठी, म्हणजे अनेक पलंगांच्या खोल्यांसाठी, जवळजवळ तयारच असते. रिकाम्या शाळांत पलंग मांडावेत हा १९०९ मधला बेत अशा वळणाने महानगरात साकार झाला आहे, फक्त शाळा आता सुट्टीपुरत्या नव्हे, कायमच्या रिकाम्या झालेल्या असतात.

जुन्या शिस्तीचा एक अवशेषही टिकून आहे. अनेक हॉस्टेलांत रिसेप्शनवर घडी घातलेली चादर, दुलईची खोळ आणि उशीचा अभ्रा हातात मिळतो. खोलीत गेल्यावर वरच्या पलंगावर गुडघे टेकून, छताला डोके लागणार नाही अशा बेताने, चादरीचे पलीकडचे टोक गादीखाली खोचावे लागते. खाली कोणी झोपलेले असेल तर पलंग हलू न देता. निघायच्या दिवशी हेच सारे काढून दाराजवळच्या टोपलीत टाकायचे. सफाई कामगारांचा वेळ वाचतो हे खरे, पण आपली जागा आपण आवरावी हा नियम पेंढ्याच्या गादीच्या काळापासून चालत आलेला आहे.

शहराचे धोरण मात्र आता उलट दिशेने वळले आहे. बागेत झोपू देणाऱ्या ॲमस्टरडॅमने २०२३ मध्ये धिंगाण्यासाठी येणाऱ्या ब्रिटिश तरुणांना उद्देशून 'येऊ नका' अशी जाहीर मोहीम चालवली. २०२० मध्ये पर्यटन कराच्या टक्केवारीवर दर माणशी दर रात्री तीन युरोंची ठोक रक्कम वाढवण्यात आली होती. महागड्या खोलीच्या बिलात तीन युरो दिसतही नाहीत. वीस युरोंच्या पलंगावर ते १५ टक्के होतात. २०२४ पासून ही ठोक रक्कम जाऊन सरसकट १२.५ टक्के कर लागू झाला, जो युरोपातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे. त्याच वर्षी नगरपालिकेने ठरवले की जुने हॉटेल बंद झाल्याशिवाय नव्याला परवानगी नाही, खाटांची संख्या वाढता कामा नये, आणि नवे हॉटेल जुन्यापेक्षा सरस हवे. 'सरस' या शब्दात आठ पलंगांची खोली कितपत बसते हे उघड आहे.