विंचूदंश, प्राझोसिन आणि महाड: एका गोळीची पार्श्वभूमी

स्वायत्त चेतासंस्थेवरची, म्हणजे नाडी, घाम, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवरची औषधं नर्सिंगच्या वर्गात बहुतेकदा तक्त्यावरून पाठ केली जातात: अल्फा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा) कुठे, बीटा कुठे, कोणतं औषध काय रोखतं. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण या तक्त्यातली गफलत जिवावर कशी बेतते, ते रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या इतिहासात दिसतं, आणि तो प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अल्फा आणि बीटा ही विभागणी रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडली. पहिल्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला होता. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच कल्पनेवरून बीटा रोखणारं प्रोप्रानोलॉल हे औषध घडवलं. त्या काळात कोकणात लाल विंचू चावला की लोक भगताकडे धावत, आणि दवाखान्यात पोचलेला रुग्णही वाचेलच याची खात्री नसे. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरतं, अशी नोंद डॉ. मुंडले यांनी 1961 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली होती. इलाज मात्र सापडत नव्हता.

1976 मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून राहत आणि बारीकसारीक टिपत. उलट्या, दरदरून घाम, मुलांमध्ये लिंगाची ताठरता, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग धाप आणि तोंडाला गुलाबी फेस. ही पूर्वलक्षणं 1982 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

या लक्षणांचं मूळ विषाच्या कामात आहे. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंचे सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. त्यामुळे स्वायत्त चेतासंस्था पेटून उठते आणि अ‍ॅड्रेनालीनच्या जातीची द्रव्यं रक्तात ओसंडतात. अल्फा ग्राहक चेतले की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावरचा भार वाढतो, फुप्फुसं भरू लागतात. घाम आणि लाळ बघून ती आटवणारं अ‍ॅट्रोपिन टोचलं, तर आधीच धावणारी नाडी आणखी धावते. नाडी आवरायला प्रोप्रानोलॉल दिलं, तर बीटा बंद होतात आणि अल्फाला रान मोकळं मिळतं. गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रणही तेव्हा दिलं जाई. त्याने श्वासाच्या संरक्षक प्रतिक्रियाच मंदावत.

मग रोखायचं ते अल्फाला. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमकं तेच करते. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिचा अनुभव 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिन आल्यानंतर त्यांच्या नोंदींनुसार हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते या कामाचं मोल कुठल्याही पुरस्काराच्या पलीकडचं आहे, कारण ते एका खेड्यातल्या केंद्रात, जवळपास काहीही साधनं नसताना उभं राहिलं.

इथून पुढची जबाबदारी बरीचशी सिस्टरवर येते. मुलांना मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडाने, दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. औषध लागू पडतंय की नाही हे आधी पायाच्या तळव्याला हात लावून कळतं. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. लेकरू रडायला लागलं की आई चटकन उचलून कडेवर घेते. तिला आधीच समजावून सांगावं लागतं, अन्यथा मूल भोवळ येऊन मान टाकतं. उलट्या आणि घामाने पाणी घटलेलं असेल तर तेही भरून काढावं लागतं, पण फुप्फुसांवर नजर ठेवून, बेताने. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग आणि घामाची नोंद रात्रभर चालूच राहते.

मुंबईच्या हाफकिनने बनवलेल्या प्रतिविषाची चाचणी बावस्कर दांपत्याने 70 रुग्णांवर घेतली. ती 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागत. जोडीला प्रतिविष दिलं तर सुमारे 8 तास. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं, आधीच सुटलेल्या द्रव्यांना ते आवरत नाही. म्हणून प्रतिविष हाताशी असलं तरी प्राझोसिन चालूच ठेवतात.