उजनीच्या हिरव्या पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात भीमा नदीवरच्या उजनी जलाशयाचं पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे. शेवाळ पोसतं नत्र आणि फॉस्फरसवर. ही खतावळ येते कुठून, यावरून वाद जुना आहे. सोलापूरकर पुण्याच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतात, तर कुणी शेतातल्या खतांकडे. येतं दोन्हीकडून. खरा प्रश्न आहे कुठून किती, हा.

धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे 15 हजार चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखातल्या प्रत्येक ओढ्याचं पाणी तपासणं शक्य नाही, म्हणून जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर एकमेकांवर ठेवून पाहणाऱ्या प्रणालीची, मदत घ्यावी लागते. पाया असतो उंचीच्या नकाशाचा. 2000 साली नासाच्या अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीच्या नोंदी आज कुणालाही फुकट मिळतात, साधारण 30 मीटरच्या चौकोनांत. संगणक प्रत्येक चौकोनाचे आठही शेजारी तपासतो आणि जिकडे उतार सर्वांत जास्त, तिकडे पाणी वळवतो. एवढ्यावरून ओढे, नाले, उपनद्या आपोआप उमटतात. त्यावर पीक, माती, पाऊस, जनगणना आणि पशुगणनेचे थर चढवायचे, आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीतून हेक्टरी वर्षाला किती किलो नत्र-फॉस्फरस वाहून जातो, याचे अंदाज त्यांना जोडायचे.

एक गणित करून पाहू. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. एक लाख वस्तीचा वर्षाचा हिशेब होतो जवळपास 55 टन. लागवडीच्या जमिनीतून हेक्टरी एक किलो वाहतो असं धरलं, तर तेवढ्यासाठी 55 हजार हेक्टर शेती लागेल! साध्या मैलापाणी प्रक्रियेत फॉस्फरसचा बराचसा भाग पाण्यातच राहतो, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं.

पण म्हणून शेतं सुटली असं नाही. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून जातो. त्यामुळे डीएपी या फॉस्फरसयुक्त खताचं एकच पोतं ओढ्याकाठच्या उतारावर टाकलं तर नदीला जास्त भोवतं, आणि बांधबंदिस्ती केलेल्या सपाट रानात कमी. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून खाली झिरपतं आणि आधी विहिरी गाठतं. कुठल्या ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखला तर सर्वांत जास्त फायदा, हे नकाशाच दाखवू शकतो. मला तरी त्याचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

अंदाज शेवटी नदीच्या मोजणीशी ताडून पाहावा लागतो. पाण्यातलं प्रमाण गुणिले विसर्ग, म्हणजे प्रत्यक्ष वाहून आलेला भार. खूणही सोपी आहे. सांडपाण्याचा वाटा मोठा असेल तर उन्हाळ्यात प्रमाण चढतं आणि पुरात पातळ होतं. शेतांचा वाटा असेल तर पहिल्या गढूळ पुराबरोबर प्रमाण वाढतं. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला नमुना घेतला तर नेमका हा पूर निसटतो आणि शेतांचा वाटा कागदावर कमी दिसतो. पावसाळ्यात उजनीच्या वरच्या अंगाला भीमेकाठी असलेल्या दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी येते, त्याच दिवशी तिथल्या पाण्याच्या बाटल्याही भरल्या गेल्या पाहिजेत.