चिपच्या बारशाला आत्या कोण?

आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे सांगायला मी एक छोटा बोर्ड बसवला होता. तळहातावर मावेल एवढा, वायफायची चिप असलेला, ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला माल. तसलाच दुसरा स्वयंपाकघरात स्पीकरला जोडला, सकाळी गाणी लावायला. एकेकटे असताना दोघेही गुणी. पण गाणी लागली की टाकी मुकी व्हायची, आणि टाकीचा आकडा आला की गाणं मध्येच अडकायचं. आठवडाभर मी राउटरला, वायरिंगला आणि शेजाऱ्यांच्या वायफायला शिव्या घातल्या. मग एका रात्री राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. दोन बोर्डांच्या दोन ओळी हव्यात, तिथे एकच. पान ताजं केलं तर तीच ओळ, फक्त यंत्राचं नाव बदललेलं. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर तोच.

हा पत्ता म्हणजे हार्डवेअर पत्ता, बोलीभाषेत मॅक अ‍ॅड्रेस. तो कारखान्यात चिपवर कोरलेला असतो आणि जगात दुसऱ्या कुणाचा नसतो, असं आपण शिकलेलो असतो. वायरच्या नेटवर्क कार्डांच्या काळात ते बऱ्यापैकी खरं होतं. स्वस्त वायरलेस चिपचं मात्र बाळासारखं असतं. जन्म झाला म्हणजे नाव ठरलं असं नाही. पाळण्यावर वाकून कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगणारी आत्या लागते. इथे ती आत्या म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीममधला त्या चिपशी बोलणारा प्रोग्रॅम. आणि काय नाव ठेवायचं हे आत्याला कुणी सांगितलंच नसेल, तर पुढे जी गंमत होते तीच माझ्या गच्चीवर झाली होती.

चिपला नाव इतकं निकडीचं का असतं? वायफायमध्ये माहितीचं एखादं पाकीट आपल्या नावाने आलं की 'पोचलं' अशी पावती लगेच पाठवावी लागते. लगेच म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १० मायक्रोसेकंदांनी आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १६ मायक्रोसेकंदांनी. एवढ्यात मुख्य प्रोसेसरला उठवून 'हे आपलं का हो?' विचारायला सवडच नसते, म्हणून चिपला स्वतःचा पत्ता तोंडपाठ असावा लागतो. माझ्या घरी दोन चिपना एकच पत्ता पाठ होता. राउटरने एकाला पाठवलेल्या पाकिटाची पावती दुसराही देत होता. त्यावर भर म्हणजे वायफायची गुप्त किल्ली बनवताना दोन्ही बाजूंचे हार्डवेअर पत्ते त्या हिशेबात घेतले जातात. दुसरा बोर्ड जोडला की राउटरला वाटायचं, मघाचंच यंत्र परत आलंय. तो नवी किल्ली बनवायचा, पहिल्याची किल्ली बाद. पहिला बाहेर फेकला गेला की पुन्हा दार वाजवायचा, मग दुसरा बाहेर. रात्रभर हीच आट्यापाट्या.

आता पत्त्याकडे जरा जवळून बघू. तो ४८ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे ६ बाइटचा असतो. शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशी सोळा चिन्हं वापरून तो १२ खुणांत लिहितात. एकूण पत्ते २८१ लाख कोटींहून जास्त होतात. पहिले तीन बाइट हे आडनाव समजा. अमेरिकेतली आयट्रिपलई ही संस्था ते कंपनीला विकत देते. पुढचे तीन बाइट कंपनीने आपापल्या मालाला एकेक करून द्यायचे. एका आडनावात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ यंत्रं बसतात. छोट्या उत्पादकाला एवढी मोठी वाडी नको असेल तर ४,०९६ पत्त्यांचा छोटा तुकडाही मिळतो. पण तो विकत घ्यावा लागतो, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. पत्ता घ्यायला पैसे, प्रत्येक बोर्डावर वेगळा लिहायला कारखान्यात एक जादा पायरी, शिवाय कुठला कुणाला दिला याची वही. शंभर रुपयांचा माल नव्वदला विकणारा आधी नेमकी हीच पायरी गाळतो.

४८ हा आकडा आला कुठून? इथरनेटचा, म्हणजे वायरने यंत्रं जोडायच्या पद्धतीचा, जन्म १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात झाला. त्या पहिल्या प्रयोगात यंत्राचा पत्ता अवघा ८ बिटांचा होता, म्हणजे सगळे मिळून २५६. एका इमारतीला पुरे. पण जाळी एकमेकांना जोडायची तर दोन इमारतींतली 'सतरा नंबरची' यंत्रं समोरासमोर येणारच. झेरॉक्समधल्याच योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ साली निबंध लिहून ४८ बिटांच्या पत्त्यामागचा विचार मांडला. पत्ता जाळ्याचा नसावा, यंत्राचा असावा. यंत्र कुठेही उचलून न्या, तो बदलता कामा नये, आणि तो ठरवण्यासाठी वापरणाऱ्याला काही करावं लागू नये. हे दलाल पवईच्या आयआयटीतून बी.टेक. होऊन अमेरिकेला गेलेले. घराघरातल्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या त्या बारा खुणांच्या पट्टीला पवईचा एवढा तरी धागा आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो याची मला चुटपुट वाटते.

दलालांच्या काळी यंत्रं महाग होती आणि कार्डावर पत्त्यासाठी वेगळी स्मृती लावणं परवडायचं. आजच्या छोट्या बोर्डावर पत्ता नक्की कुठे सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून लिनक्समधला (अशा बोर्डांवर चालणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम) वायफायचा ड्रायव्हर सुरू झाला की घरभर शोध घेतो. बोर्डाचं वर्णन करणारी 'डिव्हाइस ट्री' नावाची एक फाइल असते, बोर्डाची जन्मपत्रिकाच म्हणा. बूट करणाऱ्या प्रोग्रॅमने तिथे पत्ता लिहून ठेवलाय का? नाही. मग फ्लॅशच्या, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या स्मृतीच्या, अमुक कप्प्यात बघ, अशी चिठ्ठी आहे का? तीही नाही. चिपच्या स्वतःच्या ओटीपीत काही आहे? (हा बँकेचा ओटीपी नव्हे. एकदाच लिहिता येते आणि मग पुसता येत नाही अशी ही स्मृती.) तिथेही नसेल तर चिपच्या मांडणीची जी फाइल सोबत दिलेली असते, तिच्यात पत्त्याची ओळ आहे का? प्रत्येक ड्रायव्हरचा क्रम थोडा वेगळा, पण वणवण अशीच.

सापडलेला पत्ता जसाच्या तसा घेत नाहीत. लिनक्समध्ये त्याची एक बारकी चाचणी आहे, दोन प्रश्नांची. सगळी शून्यं तर नाहीत ना? आणि पहिल्या बाइटचा शेवटचा बिट १ तर नाही ना? तो बिट १ असेल तर पत्ता एकट्या यंत्राचा नसून गटाचा असतो, आणि गटाचं नाव एका बाळाला ठेवता येत नाही. मला या चाचणीचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. कोऱ्या राहिलेल्या ओटीपीत सहसा सगळी शून्यं वाचायला मिळतात; पहिल्या प्रश्नात ती सापडतात. फ्लॅश कोरी असेल तर उलट, सगळे बिट १, म्हणजे बाराच्या बारा खुणा एफ. तो पत्ता 'सगळ्यांना' या अर्थाने राखून ठेवलेला आहे आणि त्याचा तो बिट १ असतोच, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नात आपोआप पकडला जातो. दोन ओळींत दोन्ही प्रकारचा कोरेपणा बाद.

पण कोरा नाही, भरलेलाच आहे आणि तरी खोटा आहे, असा पत्ता या चाचणीतून सुखरूप सुटतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ००:९०:४सी:सी५:१२:३८. यातलं आडनाव एपिग्रॅम नावाच्या कंपनीचं. तिला १९९९ साली ब्रॉडकॉमने विकत घेतलं. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसोबत मांडणीची नमुना फाइल मिळते आणि तिच्यात पत्त्याच्या जागी हा पत्ता लिहिलेला असतो. तो निव्वळ नमुना. अर्जाच्या फॉर्मवर 'उदा. श्री. अबक' छापलेलं असतं तसा. बोर्ड बनवणाऱ्याने तिथे स्वतःचा पत्ता भरायचा. पण कित्येकांनी अख्खी फाइलच उचलून मालात घातली आणि जगभर 'श्री. अबक' नावाची माणसं हिंडू लागली. अखेर लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हा पत्ता नाव घेऊन नोंदवावा लागला. आता तो दिसला की ड्रायव्हर तो टाकून देतो, यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून ठरवलेला, पत्ता बनवतो आणि टक्कर टाळण्यासाठी तसं केल्याचं नोंदवहीत लिहितो.

माझ्या बोर्डांवरची चिप दुसऱ्या जातीची, पण रोग हाच. मांडणीच्या फाइलीतली पत्त्याची ओळ मी दोन्हीकडून उडवली. आता ड्रायव्हरला काहीच सापडेना, तेव्हा त्याने स्वतःच फासे टाकले. बेबंद नाही हं. पहिल्या बाइटचा शेवटचा बिट तो ० करतो, म्हणजे पत्ता एकट्याचाच राहतो. त्याच्या शेजारचा बिट १ करतो. त्याचा अर्थ 'हे नाव विकत घेतलेलं नाही, घरीच ठेवलंय'. उरलेले ४६ बिट नशिबावर. सत्तर लाख कोटी शक्यता. एका कार्यालयात अशी हजार यंत्रं असली तरी त्यातल्या कुठल्याही दोघांची गाठ पडण्याची शक्यता साधारण १४ कोटींत एक.

गाणी आणि टाकी दोन्ही नांदायला लागली. चार दिवस. मग वीज गेली, आली, आणि टाकीचा बोर्ड राउटरला नवखा वाटायला लागला. मी राउटरमध्ये हार्डवेअर पत्ता बघून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता (राउटर जोडलेल्या यंत्राला देतो तो नंबर) राखून ठेवला होता आणि फोनवरचं अ‍ॅप तिथेच जाऊन आकडा विचारायचं. बोर्ड बूट झाला की फासे पुन्हा पडतात, नाव पुन्हा बदलतं. वसतिगृहात किंवा कचेरीत जिथे पत्ता नोंदवल्याशिवाय वायफाय मिळत नाही तिथे असं यंत्र रोज सकाळी दाराबाहेर उभं राहील.

हवं होतं ते नाव सर्वांहून वेगळं आणि दर वेळी तेच. त्याला जुनी, सुटसुटीत युक्ती आहे. प्रोसेसरमध्ये बहुधा अनुक्रमांक कोरलेला असतोच. त्यातूनच पत्ता काढायचा. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाच्या बोर्डात वायरच्या इथरनेटला 'बी८:२७:ईबी' या आडनावापुढे अनुक्रमांकाचे शेवटचे तीन बाइट लावतात. त्याच बोर्डावरच्या वायफायला दुसरा पत्ता हवा, म्हणून त्या तीन बाइटमधला एक सोडून एक बिट उलटा करतात. ब्लूटूथसाठी आधी सोडलेले बिट उलटे करतात. एकच बाइट हातात घेऊ: ३सी, म्हणजे ००११११००. वायफायसाठी ०११०१००१ होतो, म्हणजे ६९. ब्लूटूथसाठी १००१०११०, म्हणजे ९६. एका अनुक्रमांकात तीन नावं, कुठेही वेगळी वही ठेवायला नको. खुसपट काढायचंच तर एका बोर्डाचं वायफाय आणि भलत्याच बोर्डाचं इथरनेट यांचा पत्ता जुळू शकतो, कारण तिघांचं आडनाव एकच. पण ते दोन बोर्ड एकाच घरात यायला हवेत. ईएसपी३२ ही चिप याहून सरळ चालते. पायाचा एक पत्ता कोरलेला असतो, आणि ती स्वतः हॉटस्पॉट झाली की त्यात एक मिळवायचा, ब्लूटूथसाठी दोन.

कुणी कुठून नाव आणलं हे लिनक्स प्रामाणिकपणे लिहूनही ठेवतं. प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी एक इवलीशी फाइल असते, तिच्यात एकच अंक. ० म्हणजे कायमचा पत्ता, १ म्हणजे यादृच्छिक, ३ म्हणजे नंतर कुणीतरी बसवलेला. आणि २? त्याला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दिलेला शब्द आहे 'चोरलेला'. एखादं आभासी कार्ड खालच्या खऱ्या कार्डाचाच पत्ता वापरतं तेव्हा तिथे २ दिसतो.

या सगळ्याला एक उलटी बाजूही आहे. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन आपला मॅक अ‍ॅड्रेस बघा. दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल तर तो घरीच ठेवलेला पत्ता आहे. माझ्या बोर्डाला जी गोष्ट नाइलाजाने करावी लागली तीच फोन मुद्दाम करतो. २०१३ साली लंडनच्या मध्यवस्तीत रस्त्यावरच्या काही कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे पत्ते टिपत असल्याचं उघड झालं आणि तिथल्या नगर प्रशासनाने ते थांबवायला सांगितलं. कायमचं नाव म्हणजे कायमचा माग. अँड्रॉइड १० पासून २०१९ मध्ये आणि आयफोनवर २०२० मध्ये प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता ही नेहमीची चाल झाली. दलाल-प्रिंटिस यांनी जे हवं म्हटलं होतं, यंत्र कुठेही न्या पण पत्ता तोच, नेमकं तेच आता खिशातल्या यंत्रात नकोसं झालंय.

टाकीला मात्र लपवण्यासारखं काही नाही. दोन्ही बोर्डांत मी बूट होताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट टाकली. ती प्रोसेसरचा अनुक्रमांक वाचते, त्याचे शेवटचे पाच बाइट घेते, पुढे '०२' लावते आणि वायफाय जागं व्हायच्या आधी ड्रायव्हरच्या हातात देते. वीज तेव्हापासून बरेचदा गेली, नाव बदललं नाही. गेल्या आठवड्यात बागेच्या नळासाठी त्याच जातीचा तिसरा बोर्ड आला. या वेळी जोडण्याआधी फाइल उघडून पत्त्याची ओळ पाहिली. टाकीवरच्या बोर्डाला पहिल्या दिवशी होता, तोच.