वेलीने मान टाकली की पाणी घाला? आधी माती बघा!

हिरवीगार वेल रातोरात मलूल झाली की पहिला सल्ला ठरलेला: ‘पाणी कमी पडलंय, भरपूर घाला.’ बऱ्याचदा हा सल्लाच वेलीच्या जिवावर उठतो. पानं कोमेजतात याचा अर्थ पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढाच. मातीत पाणी नाही असा नव्हे.

दोन इंच खोल बोट घाला. माती कोरडी असेल तर खुशाल पाणी द्या, काही तासांत वेल सावरेल. फक्त दुपारी मलूल होऊन संध्याकाळी टवटवीत होत असेल, तर तो उन्हाचा ताण.

माती ओली आणि वेल मलूल? मग बहुधा मुळं गुदमरून कुजली आहेत. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत असतं, वासही येतो. पाणी थांबवा, कुंडीतली वेल असेल तर सडकी मुळं कापून कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा, थोडी पानं छाटा, सावलीत ठेवा. खत मात्र अजिबात नको. आजारी मुळांना ते सोसत नाही.

एकच फांदी सुकली असेल तर खोड तपासा. भोक आणि भुसा दिसला तर खोडकिडा. कापल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर रोग, त्यावर खात्रीचं औषध नाही. क्लेमॅटिसची वेल मात्र चिवट. जमिनीलगत छाटली तरी बुडातून पुष्कळदा पुन्हा फुटते, म्हणून लगेच उपटू नका.