डागाळलेलं काडतूस

तांब्यावर डाग पडला म्हणून तो गळू लागत नाही. अमेरिकेत काही काडतूस कंपन्या याच भरवशावर ‘ब्लेम’ नावाचा माल सवलतीत विकतात. कवचावर डाग, एखादा ओरखडा, निकेलचा मुलामा फिका पडलेला. बाकी काडतूस ठीक, असं त्यांचं म्हणणं. निशाणेबाजीच्या सरावाला असा माल बिनधास्त घ्यावा. पण घरात कोणी शिरलं तर हाती घ्यायच्या पिस्तुलात तो भरावा का?

डाग कशामुळे पडला, यावर पुष्कळसं अवलंबून आहे.

काडतूस म्हणजे पितळी कवच, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपीतलं रसायन भडकतं, दारू पेटते आणि वायू गोळीला पुढे ढकलतो. ‘९ मिलिमीटर लूगर’ या पिस्तुली काडतुसासाठी अमेरिकी मानकातली दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,४०० पट. त्या क्षणी कवच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. वायू रोखून धरण्याचं काम या पातळ पितळेवर येतं, म्हणून तिच्यावरचा प्रत्येक डाग वाचता आला पाहिजे.

काही डाग तर चांगल्या कामाची खूण असतात. कवच ओढून घडवताना पितळ कडक होत जातं. रायफलीच्या कवचाची मान पुन्हा तापवून मऊ करतात, तेव्हा तिथे निळसर-तपकिरी पट्टा उठतो. दुकानात जाणाऱ्या मालावरून तो बहुधा घासून काढतात. अमेरिकी लष्करी काडतुसांवर तो तसाच ठेवतात, म्हणजे तापवण्याचं काम झाल्याचं डोळ्यांना दिसतं.

हे तापवणं किती मोलाचं, याचा धडा भारतातच मिळाला. ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवायची आणि कोरड्या दिवसांत बाहेर काढावीत तर कवचांना भेगा पडलेल्या असायच्या. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, दोन्ही मिळून धातू फोडत होते. तापवून ताण काढला की भेगा थांबत. म्हणूनच काळवंडलेलं काडतूस अमोनियावालं पॉलिश लावून चमकवायला जाऊ नये. निरुपद्रवी डाग जाईल आणि खरा दोष येईल.

जे दोष रूपाचे नाहीतच, ते वेगळे ओळखावेत. टोपी बुडाच्या पातळीच्याही वर उठून आलेली, कवचात खड्डा पाडणारा हिरवा गंज, तोंडाशी चेपलेलं कवच. स्वसंरक्षणाच्या गोळीचं टोक पोकळ असतं, लक्ष्यात शिरताना ती उमलावी म्हणून. ते टोक वाकडं असेल तर गोळी नळीत चढताना अडकू शकते, शिवाय उमलण्याचाही भरवसा राहत नाही. असं काडतूस स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

राहिला तो खरोखरच वरवरचा डाग. ‘मी पन्नास उडवली, एकही फसली नाही’ असं सांगणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्याचा पुरावा त्याला वाटतो त्याहून फार तोकडा असतो. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: सलग जेवढी काडतुसं बिनचूक उडाली, त्या संख्येने ३ ला भागा. फसण्याचं खरं प्रमाण त्याच्या आत आहे, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. पन्नास उडाली तर प्रमाण ६ टक्क्यांच्या आत, एवढंच कळलं. १ टक्क्यापर्यंत यायला ३०० लागतात, हजारात एकापर्यंत यायला ३,०००. आणि हे गणित एकाच खेपेच्या मालाला लागू पडतं. ब्लेमच्या डब्यात निरनिराळ्या खेपांतली काडतुसं मिसळलेली असतील, तर आज उडवलेल्या काडतुसावरून उद्याच्याची हमी मिळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पिस्तुलात भरायला पंधरा-वीस काडतुसं लागतात आणि तेवढ्यावर वाचणारे पैसे किरकोळ असतात. ती एकाच खेपेची, निर्दोष घ्यावीत. वाचवायचे ते पैसे सरावाच्या शेकडो काडतुसांवर वाचवावेत, तिथे एखादं फसलं तरी बिघडत नाही. फक्त चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून तीस सेकंद थांबायचं, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

आणि निर्दोष काडतूसही तसंच राहत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा नळीत चढवणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक धक्क्याने गोळी कवचात किंचित आत सरकू शकते. आतली जागा आक्रसते, कोंडलेली दारू अधिक वेगाने जळते आणि दाब मर्यादेपलीकडे चढू शकतो. काडतूस मात्र पहिल्या दिवसासारखंच चकचकीत दिसतं. ते नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहावं. बुटकं वाटलं तर बाजूला काढावं.