गुलाम पडला, पण राणी कुणाकडे?

ब्रिज या पत्त्यांच्या खेळात पहिली उतारी झाली की डमीची, म्हणजे डिक्लेअररच्या जोडीदाराची, 13 पानं टेबलावर उघडी होतात. मग डिक्लेअररला, म्हणजे दोघांचीही पानं खेळणाऱ्या खेळाडूला, आपली आणि डमीची मिळून 26 पानं दिसतात. उरलेली 26 कुणाकडे कशी गेली असतील, याचा अंदाज बांधतच त्याला खेळावं लागतं.

समजा, हुकूम इस्पिक आहे. डमीत एक्का, राजा, दश्शी, नव्वी, पंजी. तुमच्याकडे अठ्ठी, सत्ती, छक्की, चौकी. बाहेर चारच उरली: राणी, गुलाम, तिर्री, दुर्री. तुम्ही छक्की खेळता. डावीकडून दुर्री, डमीचा एक्का आणि उजवीकडून गुलाम! दुसऱ्या रंगाने हात घेऊन तुम्ही सत्ती खेळता, डावीकडून तिर्री येते. आता बाहेर एकटी राणी. राजा मारून ती पाडायची, की ती डावीकडे आहे असं धरून राजा राखायचा आणि दश्शी लावायची, म्हणजे फिनेस करायची?

बाहेरची चार पानं दोन प्रतिस्पर्ध्यांत 2-2 अशी विभागण्याची शक्यता 40.7 टक्के, 3-1 अशी 49.7 टक्के. पण 2-2चे सहा प्रकार होतात, 3-1चे आठ. म्हणजे उजवीकडे राणी-गुलाम जोडी असण्याची शक्यता 6.8 टक्के आणि एकटा गुलाम असण्याची 6.2 टक्के. यावरून राजाच बरा वाटतो, आणि भले भले इथेच चुकतात.

गुलाम एकटा असेल तर त्याला पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जोडी असती तर मात्र दोन्ही पानं सारखीच उपयोगाची, म्हणून त्या खेळाडूने निम्म्या वेळा राणी टाकली असती. म्हणून 6.8चे निम्मे, 3.4च धरायचे. 6.2 विरुद्ध 3.4 म्हटल्यावर फिनेस सुमारे 65 टक्के वेळा यशस्वी होते! ब्रिटिश ब्रिजपटू टेरेन्स रीस यांनी लोकप्रिय केलेलं हे मर्यादित निवडीचं तत्त्व. तीनपैकी एका दारामागे दडवलेल्या मोटारीचं प्रसिद्ध कोडं याच तर्काने सुटतं. मला ब्रिजमधलं सगळ्यात सुंदर गणित हेच वाटतं, कारण नुसतं कोणतं पान पडलं एवढं पाहून भागत नाही. त्याऐवजी दुसरं कोणतं पडू शकलं असतं, हेही मोजावं लागतं.

अर्थात खेळाआधीच्या बोलीतून डावीकडे बदामाची लांबलचक रांग असल्याचं कळलं, तर तिथे इस्पिकाच्या तीन पानांना जागा कमी उरते आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

बचाव करणाऱ्यालाही हे गणित माहीत हवं. जोडीतून नेहमी गुलामच टाकायची सवय असेल, तर त्याच्याकडून राणी पडताक्षणी डिक्लेअररला कळतं, की ती एकटीच होती.