शालेय भूजल शिक्षण (सातारा व सांगली जिल्हे)

जमिनीखालचे पाणी कोठून येते, कोठे साठते, कशाने आटते व बिघडते आणि ते कसे राखावे, हे शाळकरी मुलांना शिकवण्याची पद्धत. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात परिसर अभ्यास, भूगोल आणि माध्यमिक वर्गांचा ‘जलसुरक्षा’ हा विषय यांतून हा भाग येतो. मात्र भूजल खडकागणिक बदलते, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील एक आकृती साऱ्या राज्याला पुरत नाही. हे शिक्षण पक्के होते ते गावच्या विहिरीवर. फलक, घोषणा आणि प्रभातफेरी यांवरच थांबलेल्या उपक्रमांतून मुलांच्या हाती फारसे काही लागत नाही.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या माण आणि खटाव तालुक्यांत, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि जत भागात तो ५०० मिमीच्या आसपास, आणि तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. कृष्णाकाठी चित्र उलटे आहे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील उसाच्या पट्ट्यात अतिसिंचनामुळे आणि निचऱ्याअभावी पाण्याची पातळी पिकांच्या मुळांपर्यंत चढली आणि बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या. तेथे शेतात चर खणून किंवा सच्छिद्र पाइप पुरून पाणी बाहेर काढावे लागते. म्हणून ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा जतच्या मुलांचा पहिला धडा असला, तरी वाळव्याच्या मुलांना त्याआधी ‘पिकाला लागेल तेवढेच पाणी द्या’ हे शिकवावे लागते.

दोन्ही जिल्ह्यांचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटीर किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक, त्याखाली घट्ट कातळ आणि पुढे पुन्हा असेच थर, अशी सर्वसाधारण रचना दिसते. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत; घट्ट कातळात ते जवळजवळ नसतेच. वर्गात नेहमी दाखवला जाणारा वाळू भरलेल्या काचेच्या बरणीचा प्रयोग येथे दिशाभूल करतो. वाळूत पाणी सगळीकडे सारखे पसरते, तसेच आपल्या शिवाराखालीही पसरलेले असेल आणि कोठेही बोअर मारले तरी लागेल, अशी समजूत त्यातून होते. त्यापेक्षा ठिसूळ मुरमाचा खडा आणि काळ्या कातळाचा तुकडा कोरडे असताना तोलावेत, रात्रभर पाण्यात ठेवावेत आणि सकाळी पुसून पुन्हा तोलावेत. मुरमाचे वजन वाढलेले दिसते, कातळाचे फारसे बदललेले नसते. घाटरस्त्याच्या कापात किंवा जुन्या खाणीच्या भिंतीत हे थर उघडे दिसतात. ओल कोणत्या थरातून पाझरते, हे मुलांनी सुरक्षित अंतरावरून पाहून वहीत रेखाटावे.

या शिक्षणाचा गाभा मोजणी हा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेली राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. शाळेनेही तेच महिने धरले, तर मुलांच्या नोंदी सरकारी नोंदींशी ताडून पाहता येतात. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी आणि वजन बांधलेला फीत-टेप तेथूनच सोडावा. कठड्याची उंची आलेल्या मापातून वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्याआधी करावी. उपसा चालू असताना घेतलेले माप विहिरीचे असते, शिवाराचे नव्हे. टेप शिक्षकांनीच सोडावा आणि कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊच नये. जोडीला शाळेत पर्जन्यमापक असला, की पाऊस आणि पातळी एकाच आलेखावर मांडता येतात. चांगला पाऊस होऊनही ऑक्टोबरची पातळी घसरलेली दिसली, तर उपसा वाढला की पाणी न मुरता वाहून गेले, हा प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात.

यातून खरे गणितही होते. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या शाळेच्या छतावर ५०० मिमी पावसात ५०,००० लिटर पाणी पडते. झिजलेल्या किंवा भेगाळ पाषाणातून उपशाला मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. २ टक्के धरले, तर एक हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरली म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी गेले. आठवी-नववीचे विद्यार्थी हे सहज मांडतात, आणि आपल्या शेताचा आकडा काढल्यावर तो घरी सांगितल्यावाचून राहत नाहीत.

जुन्या माणसांकडची माहिती हा दुसरा मोठा साठा. आजी-आजोबा विहिरीची खोली परसात (माणसाच्या उंचीवर बेतलेले जुने माप) सांगतात. आड कधी आटला, १९७२ च्या दुष्काळात पाणी कोठून आणले, हे त्यांना आठवते. या मुलाखतींतून नोंदवही मागे नेता येते. पाणाड्याची, म्हणजे विहिरीसाठी पाण्याची जागा दाखवणाऱ्याची, पद्धत वर्गात चर्चेला येतेच. त्याची टिंगल न करता, त्याने दाखवलेल्या किती जागी पाणी लागले आणि किती जागी नाही, याची गावातून यादी करायला सांगणे हाच योग्य मार्ग. सहलीसाठी साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर आहे. अठराव्या शतकातील या अष्टकोनी विहिरीत मोटेने पाणी उपसत. झरा जेवढे देई आणि बैल जेवढे ओढत, त्याहून अधिक पाणी निघत नसे. वीजपंपाने उपशाची ही मर्यादा कशी मोडली, हे तिथे उभे राहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पाण्याच्या प्रतीकडे शाळांचे लक्ष कमी असते. खतांच्या अतिवापराने विहिरीत नायट्रेट वाढते; पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. छतावरचे पाणी बोअरमध्ये सोडायचे तर पहिल्या पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि नंतरचे गाळूनच सोडावे. शौचालयाचा शोषखड्डा बोअरला खेटून नसावा. बोअर थेट भेगांना जोडलेले असते, त्यामुळे मातीतून हळूहळू गाळले जाण्याची संधी त्या पाण्याला मिळत नाही.

या परिसरात लोकसहभागाची उदाहरणे हाताशी आहेत. पाणी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली, म्हणजे पहिल्याच वर्षी, कोरेगाव तालुक्यातील वेळू, तर २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिले आले. समतल चर आणि बांधबंदिस्तीची ही कामे श्रमदानाने झाली. केंद्र सरकारच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत दोन्ही जिल्ह्यांचा समावेश होता आणि तिच्यात गावाचा जलसुरक्षा आराखडा करावा लागे. ऑक्टोबरची शालेय नोंद रब्बीची पिके ठरण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवली, तर गहू घ्यावा की हरभरा, या चर्चेला आकड्यांचा आधार मिळतो. मेची मोजणी सुट्टीत येते आणि बहुधा तीच चुकते. वर्षातली सर्वांत खोल पातळी नेमकी तेव्हाच असल्याने, विहिरीजवळ राहणारा विद्यार्थी आणि त्याचे पालक यांच्यावर ती आधीच सोपवून ठेवावी लागते.